वर्गातला ज्वालामुखी कुठे खोटं बोलतो

पर्वत आणि ज्वालामुखींचा धडा जवळ आला की कुणीतरी मातीचा डोंगर घेऊन येतंच. शिखरावर खळगा, खळग्यात खाण्याचा सोडा, आणि लाल रंग घातलेलं व्हिनेगर सगळ्यांसमोर ओतायचं. फस्सकन आवाज होतो, लाल फेस उतारावरून टेबलावर येतो आणि टेबलावरून कुणाच्या तरी वहीवर. टाळ्या पडतात. भूगोलाच्या तासाला टाळ्या पडण्याचे प्रसंग मुळातच इतके कमी की या प्रयोगाला नावं ठेवायला माझं मन धजत नाही. फक्त त्यानंतरची दहा मिनिटं मी सोडत नाही. फळ्यावर दोन रकाने आखते. एकात लिहायचं, यातलं खरं काय. दुसऱ्यात, खोटं काय.

खऱ्याच्या रकान्यात शेवटी एकच गोष्ट टिकते, पण ती मोलाची असते: वायू. उद्रेकाला ढकलणारा वायूच असतो, हे मातीचा डोंगर बरोबर सांगतो. खोट्याचा रकाना मात्र भराभर भरतो. खऱ्या ज्वालामुखीत दोन पदार्थ एकमेकांवर ओतले जात नाहीत. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे आधीपासूनच विरघळलेले असतात, वरच्या खडकांच्या दाबाखाली गुपचूप. शिलारस वर चढतो, दाब उतरतो, बुडबुडे सुटतात. हे दाखवायला सोडावॉटरची बाटली जास्त प्रामाणिक. झाकण लावलेलं असताना आत काहीच दिसत नाही, झाकण सैल केलं की सगळं उफाळून येतं. आणि आणखी एक गोष्ट, जी मुलांच्या सहसा शेवटी लक्षात येते. प्रयोगात डोंगर आधी बनवतात आणि उद्रेक मागून करतात. प्रत्यक्षात क्रम उलटा. ज्वालामुखीचा डोंगर त्याच्याच पोटातून आलेल्या राखेने आणि लाव्हाने थरावर थर रचून उभा राहतो. एखाद्या मुलाने हे स्वतःहून सांगितलं की मला त्या सांडलेल्या व्हिनेगरचं काही वाटेनासं होतं.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. जमिनीच्या पोटातलं काहीच वर्गात आणता येत नाही, त्यामुळे नमुन्यांशिवाय गत्यंतर नाही. आणि नमुना म्हटला की तो कुठेतरी थाप मारणारच. ती थाप लपवण्यात अर्थ नाही. मुलांनाच ती पकडायला लावावी. नमुना बनवताना जेवढं शिकून होतं त्याच्या कितीतरी पट ती थाप पकडताना होतं.

सगळ्यात मोठी थाप मात्र मातीच्या डोंगरात नसते, ती भिंतीवरच्या तक्त्यात असते. पृथ्वीची कापलेली फोड: वर पातळ तपकिरी साल, खाली भडक नारिंगी समुद्र. तक्ता पाहिलेल्या मुलांना विचारलं, की आपण कशावर उभे आहोत, तर बहुतेक जण ठामपणे सांगतात, तापलेल्या रसावर. भूकवचाला भोक पडलं की रस बाहेर. इतकं सुटसुटीत चित्र मनातून काढणं फार अवघड जातं. कारण खरं उत्तर ऐकायला विचित्र आहे: भूकवचाखालचा जाड थर, म्हणजे सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंतचं प्रावरण, घन आहे. खडक. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि त्या प्रावरणातून आरपार जातात. अडतात त्या थेट बाह्य गाभ्यापाशी, कारण तो खरोखर द्रवरूप आहे. आणि त्या गाभ्यातलं लोखंड काही ज्वालामुखीतून बाहेर येत नाही.

मग वर्गात गलका होतो. घन आहे तर भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या सालीचे मोठे तुकडे, सरकतात कसे? घन आहे तर लाव्हा येतो कुठून?

पहिल्याचं उत्तर हिमनदीत सापडतं. बर्फावर हातोडी मारली तर तो तडकतो, तोच बर्फ शेकडो मीटर जाडीचा झाला की स्वतःच्या वजनाने दरीतून वाहू लागतो. प्रावरणाचा खडक असाच, तापलेला आणि दाबलेला, वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने वाहतो. घाई करणाऱ्या भूकंपलहरीला तो घन भेटतो आणि लाखो वर्षं थांबणाऱ्याला वाहता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मी स्वतः अजूनही रंगून जाते. खडक वितळवायला जाळ वाढवावाच लागतो असं नाही. दाब कमी केला तरी तो वितळतो. महासागरांच्या तळाशी जिथे भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात, तिथे खालचा गरम खडक वर सरकतो, दाब उतरतो आणि त्यातला थोडासा अंश वितळतो. पृथ्वीवरचा बहुतांश लाव्हा असाच, समुद्राखाली, कुणाच्या नजरेला न पडता बाहेर येतो. दुसरी युक्ती पाण्याची. समुद्रतळाचा भूपट्ट जेव्हा दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो तेव्हा तो आपल्या खनिजांमध्ये पाणी घेऊन जातो. सुमारे १०० किलोमीटर खोल गेल्यावर ते पाणी सुटतं, वरच्या तापलेल्या खडकात शिरतं आणि त्याचा द्रवणांक शेकडो अंशांनी खाली आणतं. थंडगार समुद्रतळ खाली जातो आणि त्यामुळे वर आग लागते. प्रशांत महासागराभोवतीचं अग्निकंकण म्हणजे हेच. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘म्हणजे मॅडम, ज्वालामुखी पाण्यामुळे होतो?’ हो, बऱ्याच ठिकाणी होतो. त्यानंतरची अविश्वासाची शांतता मला टाळ्यांपेक्षा जास्त आवडते.

पाठ्यपुस्तकात पर्वतांची बाजू मात्र फारच कोरडी असते. वली पर्वत, गट पर्वत, ज्वालामुखीय पर्वत, अवशिष्ट पर्वत. प्रत्येकी दोन उदाहरणं, गाळलेल्या जागा भरा. मी सुरुवात करते ती स्कॉटलंडच्या सर जेम्स हॉलपासून. समुद्रकड्यांमध्ये खडकांचे थर नागमोडी दुमडलेले त्याने पाहिले होते. आडवे साचलेले थर असे वळतील कसे, हे तपासायला त्याने कापडाचे तुकडे एकावर एक रचले, त्यावर वजन घालून जड दार ठेवलं आणि दोन्ही टोकांकडून फळ्यांनी दाबलं. कापडांना कड्यासारख्याच घड्या पडल्या. हे त्याने १८१५ मध्ये छापलं. पर्वतनिर्मितीचा जगातला पहिला नमुना हा असा घरगुती सामानातला होता. वर्गात जुन्या चादरी वापरून तो करता येतो आणि मुलं दार दाबून धरायला भांडतात.

पुढची पायरी वाळूची पेटी. एका बाजूला काच, आत दोन रंगांच्या वाळूचे थर आणि एका टोकाकडून हळूहळू सरकवायची फळी. कापड नुसतं दुमडतं, वाळू मात्र तुटते. काचेतून दिसतं की थराचा एक तुकडा दुसऱ्यावर तिरका चढला, मग त्याच्या पुढ्यात नवी तिरकी भेग, तिच्यावर पुन्हा एक तुकडा. हिमालय असाच तुकड्यांवर तुकडे चढवून उंच झाला आहे, आणि सगळ्यात नवी भेग डोंगरांच्या पायथ्याशी आहे. इथे थाप कुठे आहे हे विचारलं की मुलं वाळूवर टीका करतात: खडक एवढा सुटा नसतो, फळी फार जोरात सरकते. बरोबर आहे. पण मला हवं असलेलं उत्तर पेटीच्या तळाशी असतं. पेटीचा तळ लाकडाचा आहे, तो हलत नाही. पृथ्वीला असा तळ नाही.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते हिमालयामुळेच, आणि मोजणीतल्या एका खटकणाऱ्या फरकामुळे. १९व्या शतकात भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालू असताना कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कलियाणा या ठाण्यांमधलं अक्षवृत्तीय अंतर दोन पद्धतींनी काढलं. जमिनीवर मोजून एक उत्तर आलं, तारे पाहून दुसरं. फरक सुमारे ५ विकलांचा (एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग). सुमारे ६०० किलोमीटरच्या मोजणीत एवढा फरक कुणी पोटात घातला असता. कलकत्त्याच्या जॉन प्रॅट या पाद्र्याने मात्र हिशेब मांडला: हिमालयाचं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला स्वतःकडे ओढत असणार, म्हणून ताऱ्यांची मोजणी चुकते. पण त्याचा हिशेब नीट बसेना. हिमालय जेवढा दिसतो त्यावरून ओळंबा सुमारे १५ विकलांनी ढळायला हवा होता, प्रत्यक्षात ढळला होता त्याच्या एक तृतीयांश. एवढा मोठा डोंगर, आणि ओढ इतकी कमी? १८५५ मध्ये इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी याने उत्तर सुचवलं. डोंगर जमिनीवर ठेवलेला नाही, तो तरंगतो आहे. जितका वर दिसतो त्याहून कितीतरी जास्त त्याचा हलका खडक खाली प्रावरणात बुडलेला आहे, आणि तिथे जड खडकाची जागा त्याने घेतल्यामुळे ओढ घटते. आज आपल्याला ठाऊक आहे की तिबेटखाली भूकवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, सर्वसाधारण खंडाच्या जवळपास दुप्पट.

हे मी लाकडी ठोकळे आणि पाण्याची परात घेऊन दाखवते. जाड ठोकळा जास्त वर येतो आणि जास्त खोलही जातो. मग त्याच्या वरच्या बाजूचा एक तुकडा काढून घ्यायचा. ठोकळा किंचित वर उचलला जातो. म्हणजे नद्यांनी डोंगर झिजवला की डोंगर खालून वर येतो. झीज आणि उंची यांचं नातं वजाबाकीएवढं साधं नाही, हे परात न बोलता सांगते. (पाण्याची परात वर्गात नेण्याआधी खालच्या वर्गावर कोण शिक्षक आहेत ते पाहून घ्यावं. छताला गळती असते.)

एकदा एका मुलीने नकाशे शेजारी शेजारी ठेवून विचारलं: अँडीजमध्ये एवढे ज्वालामुखी आहेत, मग हिमालयात एकही का नाही? दोन्हीकडे भूपट्ट आपटतातच ना? हा प्रश्न आला की सगळा धडा त्याच्याभोवती फिरवता येतो, म्हणून आता तो कुणी विचारला नाही तर मीच विचारते. अँडीजखाली अजूनही ओला समुद्रतळ घुसतो आहे. हिमालयाखालीही कधीकाळी तेच चाललं होतं. भारत आणि आशियामध्ये टेथिस समुद्र होता, त्याचा तळ आशियाखाली जात होता, आणि तेव्हा तिथेही ज्वालामुखींची रांग होती. लडाख आणि दक्षिण तिबेटच्या पट्ट्यातला ग्रॅनाइट ही तिच्या पोटात थंड झालेल्या शिलारसाची शिल्लक. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी समुद्र संपला आणि खंडाला खंड भिडला. खंडाचा खडक हलका, तो सहजी खाली जात नाही. पाणी पोचवणारा समुद्रतळ उरला नाही, खाली वितळणं थांबलं, आणि उरला तो नुसता रेटा. समुद्र गेल्याचा पुरावा थेट माथ्यावर आहे: एव्हरेस्टचं शिखर चुनखडकाचं आहे, ४५ कोटी वर्षांहून जुन्या समुद्रातल्या जीवांचे अवशेष असलेल्या. त्या मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘हिमालयात ज्वालामुखी नाहीत कारण समुद्र संपला.’ परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत या वाक्याला किती गुण मिळतील याची मला शंका आहे, कारण आदर्श उत्तरात मुद्दे चार असतात.

काळ शिकवणं हे सगळ्यात कठीण. भारतीय भूपट्ट वर्षाला ४-५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, साधारण नखं वाढतात त्या गतीने. हे वाक्य मुलांना आवडतं, पण ते ऐकून त्यांना वाटतं की पर्वतही असाच रोज रोज, एकसारखा, हळूच वाढत असेल. तसं होत नाही. रेटा सतत असतो, खडक मात्र अडून बसतो आणि एका झटक्यात सुटतो. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूचं खोरं काही सेकंदांत सुमारे एक मीटर वर उचललं गेलं, आणि त्याच वेळी उत्तरेकडच्या उंच रांगांचा काही भाग खाली बसला. पर्वत वाढवणाऱ्या घटनेतच पर्वत खाली येतो, हे ऐकून मुलं बुचकळ्यात पडतात. पडू द्यावीत.

ज्वालामुखीचा काळ वेगळाच. मेक्सिकोत २० फेब्रुवारी १९४३ रोजी दियोनिसियो पुलिदो नावाच्या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात भेग पडली, धूर निघू लागला. चोवीस तासांत तिथे सुमारे ५० मीटरची टेकडी उभी होती, वर्षभरात ती ३०० मीटरच्या वर गेली. १९५२ मध्ये तो ज्वालामुखी थांबला तेव्हा त्याची उंची ४२४ मीटर होती. पारिकुतिन त्याचं नाव. शेजारच्या गावाच्या चर्चचा मनोरा अजून काळ्या लाव्हातून वर डोकावतो. लाव्हाने तिथे कुणी मेलं नाही, तो सावकाश येत होता आणि लोक निघून जाऊ शकले. तीन जण दगावले ते राखेच्या ढगातल्या विजेने.

हा तपशील मी मुद्दाम सांगते, कारण मुलांच्या चित्रांत माणसं नेहमी लाल लाव्हापुढे पळत असतात. लाव्हा बहुधा घरं गिळतो. माणसं मारतात ते राख आणि तप्त वायूंचे लोट, आणि चिखलाचे पूर. कोलंबियातल्या नेवादो देल रुइसचा १३ नोव्हेंबर १९८५ चा उद्रेक मोठा नव्हता. पण शिखरावर हिमनद्या होत्या. त्यांचा काही भाग वितळला, ते पाणी राख आणि दगडगोटे घेऊन दऱ्यांतून उतरलं, आणि दूर असलेलं आर्मेरो शहर रात्री गाडलं गेलं. एकूण २३ हजारांच्या आसपास माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार झाला होता आणि आर्मेरो त्यात धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेलं होतं. सहाच वर्षांनी, १९९१ मध्ये, फिलिपिन्समधला पिनातुबो त्याहून कितीतरी मोठ्या ताकदीने फुटला, पण तिथे आधीच हजारो लोकांना हलवलं होतं. हे दोन उद्रेक मी एकाच तासाला शिकवते. त्या दिवशी सोडा-व्हिनेगर काढत नाही.

गाळलेल्या जागांचं कौतुक नसलं तरी वर्गीकरण मोडून पाहायला मजा येते. सह्याद्री कुठल्या रकान्यात घालायचा? खडक पाहिला तर बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा. मुलं लगेच लिहितात: ज्वालामुखीय पर्वत. मग मी विचारते, विवर कुठे आहे? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा पसरला आणि थरांवर थर साचले. आज उरलेला पसाराच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. त्यातून शंकू उभे राहिले नाहीत, पठार झालं. नंतर पठाराची पश्चिम कड तुटली, उचलली गेली, आणि पाण्याने ती कोरत नेली. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे ती तिथे कुणी रचली म्हणून नव्हे. तिच्या आजूबाजूचं वाहून गेलं म्हणून. ज्वालामुखीने खडक दिला, आकार पावसाने दिला. उत्तर एका रकान्यात मावत नाही म्हटल्यावर काही मुलं वैतागतात, आणि काही जण बाकीच्या तीन रकान्यांकडेही संशयाने बघू लागतात. या दुसऱ्यांसाठी मी हा खटाटोप करते.

धड्याच्या अखेरीस हवाई बेटं येतात. भूपट्टाच्या कडेपासून हजारो किलोमीटर दूर, ऐन मधोमध ज्वालामुखी. कॅनडाच्या जॉन तुझो विल्सनने १९६३ मध्ये सुचवलं की खालचा उष्ण ठिपका जागच्या जागी आहे आणि वरून पॅसिफिक भूपट्ट सरकतो आहे, म्हणून बेटांची माळ तयार होते आणि वायव्येकडे जावं तशी बेटं जुनी होत जातात. यासाठी एक कागद आणि शाईचं पेन पुरतं. पेन उलटं, टोक वर करून धरायचं आणि कागद त्यावरून थांबत थांबत सरकवायचा. ठिपक्यांची रांग उमटते. मग प्रश्न: मंगळावर सरकणारे भूपट्ट नाहीत, तिथे काय दिसेल? कागद सरकवायचा नाही, एवढंच. ठिपका जागीच पसरत राहतो. मंगळावरचा ऑलिम्पस मॉन्स हा ज्वालामुखी सुमारे २२ किलोमीटर उंच आणि सुमारे ६०० किलोमीटर रुंद आहे, त्याचं एक मोठं कारण हेच.

इथे मी थांबणार होते, पण गेल्या वेळी ठोकळ्यांची परात आठवणाऱ्या एकाने हात वर केला. ‘एवढा जड झाला तर तो खाली बुडणार नाही का?’ कागद आणि पेन हे सांगू शकत नाहीत. हवाईचा मौना लोआ खरोखरच बुडतो आहे: त्याच्या वजनाने खालचा समुद्रतळ सुमारे ८ किलोमीटर दबला आहे. मंगळाची वरची साल मात्र जाड आणि थंड आहे, ती वाकते कमी, म्हणून एवढा डोंगर तोलून धरते. ‘मग परातीत पाण्याऐवजी काहीतरी घट्ट घ्यायला पाहिजे,’ तो म्हणाला, आणि काय घ्यावं यावर मधली सुट्टी संपेपर्यंत वाद चालला.